शेवटच्या चेंडूच्या वेळी मी कुठे होतो

आदरणीय कोया वेनान्सियो,

इथूनच तुमचा हात कपाळाला लावतो, धाकट्या भावावर आशीर्वाद असू द्या. गुडघा कसा आहे? रॉटरडॅमच्या थंडीत तो फार छळतो असं वहिनींनी कळवलं. तुम्ही स्वतः कधी कळवणार नाही, म्हणून त्यांचे आभार. इकडे देवाच्या दयेनं सगळे खुशाल आहेत. आमच्या हिचा, चोलेंगचा, खोकला गेला, डुकरीण व्याली, आणि आपल्या दारा इस्काची (बाबांच्या पिढीतली ही एकच आत्या आता उरली, देव तिला उदंड आयुष्य देवो) प्रकृती उत्तम आहे. आवाज तर विचारूच नका. त्या आवाजापायीच हे पत्र लांबलं.

तुम्ही एकच गोष्ट मागितली होती. आशिया विरुद्ध युरोप असा पूलचा, म्हणजे आपल्या काठी-चेंडूच्या बिल्यारचा, चषक मनिलाला भरणार आणि आशियाच्या पाच खेळाडूंत आपल्या लुमिंगचा जुनेल असणार, हे कळल्यावर तुम्ही लिहिलंत, "टीव्हीवरचं मला नको, कार्पो. तू जा. पोराचा शेवटचा चेंडू स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि कसा पडला ते मला लिही. लुमिंग असती तर तिनं लिहिलं असतं." मेलेल्या बहिणीचं नाव घातल्यावर नाही म्हणायला जागा राहत नाही. तेव्हापासून मी उत्तर लिहायला बसतो आहे आणि काहीतरी निमित्त काढून उठतो आहे. आज मात्र लिहितो.

त्या रविवारी सकाळी मी पहिल्या मिस्सेला गेलो आणि नंतर बाळ येशूपुढे मेणबत्ती लावून उभा राहिलो. मागायचं काय, याचाच घोळ होता. शेवटचा, नऊ नंबरचा चेंडू पॉकेटात पाड, असं देवाला सांगणं मला बरं वाटेना. युरोपातही मेणबत्त्या आहेत, तिथेही कोणाची तरी मावशी उभी असणार. दोघांचं ऐकायचं तर चेंडूनं काय पॉकेटाच्या तोंडावर जन्म काढायचा? शेवटी एवढंच म्हटलं की, देवा, जे काय व्हायचं ते होऊ दे, फक्त मला ते बघायला मिळू दे. एवढं साधं मागणं कोणीही पुरं करील, असं तेव्हा वाटलं होतं.

बेर्तिंगची जीपनी ठरवली होती. (बेर्तिंग प्रवासी भरून जीपनी चालवतो आणि आपल्या गावातल्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्षही तोच आहे, त्यामुळे मंडळाची सभा भरते ती बहुधा वळणावर, हॉर्न वाजवत.) केळीच्या पानात बांधलेला भात, तळलेलं डुकराचं मांस, दोन ढोल, एक भोंगा, आणि कोणी बोलावलेलं नसताना पुढच्या सीटवर दारा इस्का. "जुनेलची परीक्षा आहे ना? मग घरचं मोठं माणूस नको?" म्हणाली. परीक्षा नाही, खेळ आहे, असं चोलेंगनं तिच्या कानात ओरडून सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "तेच ते. पास होऊ दे म्हणजे झालं." दारोदारी ताऱ्यांचे कंदील लागले होते, नाताळ तोंडावर होता, आणि मंडळ इतकं आनंदात होतं की मलासुद्धा ढोल वाजवायला दिला. काही वेळानं परत घेतला.

हॉलच्या दारावर ढोल आणि भोंगा दोन्ही काढून घेतले. आत गेलो तर समोरच्या बाजूला युरोपचे पाहुणे चाहते, निळ्या कोटातले, उन्हानं लाल झालेले, संख्येनं मूठभर. पण कोया, गाणी! प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं, चुकलेल्या फटक्याचं वेगळं, आणि एक तर पंचांच्या पांढऱ्या हातमोज्यांवरसुद्धा. आमच्याकडे एकही नाही. घरी आम्ही बिल्यारच्या टेबलाभोवती गातो कुठे? तिथे खेळणाऱ्याला टोमणे मारायचे असतात. बेर्तिंग चिडून म्हणाला, "अख्खं गाव कराओकेवर रात्र काढतं आणि वेळेला एकाच्या तोंडातून आवाज फुटत नाही! लाज नाही वाटत रे?" वाटत होती. पण नुसत्या लाजेला चाल लावता येत नाही.

सामने बरोबरीत आले आणि शेवटचा सामना जुनेलच्या वाट्याला आला, तोही शेवटच्या डावापर्यंत. समोर युरोपचा तांबड्या दाढीचा, दरवाज्याएवढा माणूस. तो एक चेंडू चुकला आणि जुनेल टेबलाशी आला. काळी बंडी, केस बसवलेले, कपाळ अगदी लुमिंगचं. एकेक चेंडू पाडत तो शेवटच्यापर्यंत पोचला. हिरव्या कापडावर पिवळ्या पट्ट्याचा नऊ नंबर तेवढा उरला, लांबच्या कोपऱ्यात; तो पडला की चषक आपला. हॉलमध्ये श्वाससुद्धा ऐकू येईना. मी मनात शब्द जुळवायला लागलो होतो की तुम्हाला असं असं लिहीन.

नेमक्या त्या शांततेनं दारा इस्काला जाग आली.

आता तिच्या जागी तुम्ही स्वतःला ठेवून बघा. म्हातारी दुपारभर झोपलेली. डोळे उघडते तर सगळीकडे काळोख, मधोमध दिव्याखाली लांबट टेबल, त्यावर कापड अंथरलेलं, भोवती काळ्या बंड्यांतली माणसं माना खाली घालून उभी, एक जण पांढरे हातमोजे घालून हळूहळू फिरतोय, आणि शेकडो लोक मुके होऊन बघताहेत. कोणीतरी गेलंय, याशिवाय दुसरं काय वाटणार? आणि मेलेल्याच्या घरी मुकाट बसून राहणं तिच्या रक्तात नाही. तिनं घसा साफ केला आणि पासियोन सुरू केली. ख्रिस्ताच्या दुःखभोगाची अख्खी कथा, पहिल्या ओवीपासून, तीच चाल, तोच आवाज, ज्यानं पवित्र आठवड्यात नदीपलीकडच्या गावातली कुत्री रडतात.

आणि दुसरी ओवी उचलली ती मी. खोटं कशाला लिहू? एका फळीनं टाकायची आणि दुसरीनं उचलायची, बाबांच्या मागे बसून आपण दोघं हेच शिकलो. पहिली कानावर पडली की दुसरी तोंडातून बाहेर पडते, त्यात माझा काही हात नसतो. माझ्यामागे चोलेंग आणि चोलेंगमागे अख्खं मंडळ. आधी एक गाणं निघत नव्हतं, आता थांबवता येईना. कारण पारायण एकदा सुरू केलं की शेवटापर्यंत न्यायचं, मध्ये तुटलं तर ज्यानं तोडलं त्याच्या घरावर येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

युरोपवाल्यांना वाटलं आमचं राष्ट्रगीत. काय सभ्य माणसं! सगळे उठून उभे राहिले. तांबड्या दाढीनं छातीवर हात ठेवला. पंचांनी फटक्याची वेळ मोजणारं घड्याळ थांबवलं. पण राष्ट्रगीतालाही काही शेवट असतो. आम्ही तर अजून जगाच्या उत्पत्तीपाशीच होतो, आदाम-एवा यायचे होते. काही ओव्यांनंतर निळ्या कोटातला एक जाडा हळूच खाली बसला. पंचांनी घड्याळ पुन्हा सुरू केलं.

पण जुनेल खेळेना. काठी टेबलाला टेकवून, हात बांधून, मान खाली. लुमिंगनं त्याला लहानपणापासून शिकवलं होतं की पासियोन चालू असताना खेळाला हात लावायचा नाही. आणि इथे तर गाणारी घरचीच माणसं!

आता बोलणी करायची तरी कशी? थांबायचं नाही, त्यामुळे जे बोलायचं ते चालीतच. मी ताणून म्हटलं, "दारा, हे मरणघर नाही हो, हा जुनेलचा खेळ आहे." तिनं वरच्या पट्टीत उत्तर दिलं, "मग आधी सांगायचं होतंस, गाढवा, आता सुरू झालं ना." चोलेंग गायली, "पोरगा हरतोय, काहीतरी करा." बेर्तिंगला चाल कधीच जमली नाही, पण तोही भसाड्या सुरात, "थांबवा रे तिला, कोणी तरी थांबवा." यावर दारा इस्का, "थांबवणाऱ्याच्या जीपनीचा ब्रेक फेल होईल." बेर्तिंग त्यानंतर फक्त 'आमेन' म्हणत राहिला.

घड्याळाच्या आकड्यांनी तांबडा रंग घेतला. तोडावं, तर बाबांच्या हयातीत न तुटलेलं पारायण माझ्या हातून तुटणार. चालू ठेवावं, तर लुमिंगच्या पोराचा डाव माझ्या तोंडानं बुडणार. दोन्ही वाचवायचे तर एकच वाट होती, आणि ती दाराकडे जात होती. मी दारा इस्काचा हात धरून तिला उठवलं, आणि गात गात पायऱ्या उतरायला लागलो. मंडळ मागोमाग, मिरवणुकीसारखं. पुढे चालणाऱ्यानं मागे वळून बघायचं नसतं. मी बघितलं नाही. दारावरच्या पहारेकऱ्यांनी टोप्या काढल्या आणि त्यातला एक, भला माणूस, दुसऱ्या फळीत सामील झाला.

तर कोया, शेवटच्या चेंडूच्या वेळी मी गाड्या लावायच्या जागेत होतो, उकडलेली अंडी विकणाऱ्याच्या गाड्याशेजारी, नोहाच्या तारवाबद्दल गात. आतून केवढा तरी गलका उठला. कोणाचा, ते कळायला मार्ग नाही. पहारेकरी आत डोकावून आला आणि चालीतच म्हणाला, "नऊ नंबर गेला." गेला म्हणजे आत गेला की हातचा गेला? मी गाऊन विचारेपर्यंत दारा इस्कानं ते ऐकलं आणि विजयानं सगळ्यांकडे बघितलं. "बघा! मी म्हणत नव्हते, कोणीतरी गेलंय?"

आत गेला होता. आशिया जिंकलं. हे आम्हाला अंडीवाल्यानं फोनवर बघून सांगितलं, तेव्हा आम्ही आनंदानं अब्राहामाकडे वळलो. गावी पोचेपर्यंत गाडीत पाळीपाळीनं गायलो, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या चॅपेलात ख्रिस्ताचं पुनरुत्थान करूनच उठलो. लोक दारात येऊन हळहळत विचारत होते, कोण गेलं म्हणून. फादरनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "कार्पो, नाताळ व्हायचाय अजून! त्याला जन्माला तरी येऊ द्यायचं होतंस, मग क्रुसावर चढवायचं."

तुमच्या मागणीचं उत्तर असं आहे की मी बघितला नाही. क्षमा करा.

तुमचा धाकटा,
पोलिकार्पो

ता.क. जुनेलला टीव्हीवाल्यांनी विचारलं, विजयाचं श्रेय कोणाला? तो म्हणाला, "माझे मामा, बापा कार्पो, वेळेवर बाहेर गेले, म्हणून." पोरगा साधा आहे, त्याच्या मनात काही नव्हतं. पण गावानं ते धरून ठेवलं. आता कोंबड्यांच्या झुंजीला माणसं मला कुंपणाबाहेर उभं करतात. बेर्तिंगच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा मला तिसऱ्या गल्लीत पाठवलं होतं. मुलगा झाला, त्याचं नाव पोलिकार्पो ठेवलं. त्या सामन्याचं चित्रीकरणसुद्धा मला बघू देत नाहीत. चोलेंग म्हणते, "तुम्ही बघितलंत आणि चेंडू परत बाहेर आला तर?"

ता.क. दुसरा. मूळ मुद्दा राहूनच गेला. पुढच्या वर्षी हा चषक तुमच्या रॉटरडॅमला आहे. मंडळानं एकमतानं ठरवलंय की मला न्यायचं. हॉलमध्ये नाही, हॉलबाहेर. तेव्हा तुमच्याकडे राहायची सोय होईल का? आणि तिथल्या हॉलला बाहेरच्या बाजूनं काही आडोसा, छप्पर वगैरे आहे का, एवढं बघून ठेवा. दारा इस्कासुद्धा येते म्हणते. तिला अजून कोणी हो म्हटलेलं नाही, पण तिनं बोचकं बांधलंय.

ता.क. तिसरा, आणि हा वहिनींनासुद्धा वाचून दाखवू नका. हे पत्र चार दिवस तसंच पडून होतं, कारण तुमचं मागणं पुरं न करता ते पाकिटात घालवेना. शेवटी काल चोलेंग बाजारात गेल्यावर तिचा फोन घेऊन डुकरांच्या खोपटामागे बसलो आणि बघितलं. आम्ही बाहेर पडलो, आवाज दूर गेला, तरी जुनेल तसाच उभा. मग त्यानं काठी उचलली, खाली वाकला. कॅमेरा अगदी जवळ होता. कोया, त्याचे ओठ हलत होते. मी उठून गेल्यामुळे हॉलमधली दुसरी फळी रिकामी पडली होती, ती तो एकटा म्हणत होता, पुटपुटत, आईसारखं शेवटचं अक्षर लांबवून. ओवी पुरी व्हायची वाट त्यानं बघितली नाही. मधल्या विरामात, जिथे आपण श्वास घेतो ना, तिथे त्यानं काठी मारली. चेंडू लांबवर गेला, कोपऱ्याच्या कडेला किंचित लागला आणि सावकाश आत उतरला, पायरीवरून म्हातारं माणूस उतरावं तसा. आणि तो पुढची ओळ म्हणत होता.

म्हणजे मी बाहेर गेलो नसतो तरी चाललं असतं. तो गात गात खेळला असता. हे गावात कळलं तर रॉटरडॅमला मला कोण नेतंय? पापनिवेदनाच्या वेळी फादरना सांगणार आहे, परत आल्यावर. कोटाचं माप मात्र आज सकाळीच शिंप्याकडे देऊन आलो.