कारणाचा रकाना

मंगळवार, ६ जानेवारी
सरकारचा मसुदा वाचला. लिहिणाऱ्याने स्वतः पुन्हा वाचला नसावा. अर्थ एवढाच: आपला मेसेज कुलूपबंद होण्याआधी फोनमध्येच तपासला जाईल. संशयास्पद शब्द सापडले की पोलिसांकडे. नागरिकांच्या सुरक्षेसाठी. नागरिकांनी हरकती कळवाव्यात.

स्टाफरूममध्ये राज्यशास्त्राचे ठोंबरे सर: "माह्या फोनात काय आहे मॅडम? गुड मॉर्निंगचे फुलं. पाहू द्या न त्यायले."

सरांच्या कपाटाला दोन कुलपं आहेत. आत डबा असतो.

गुरुवार, ८ जानेवारी
दुपारी सु.चा मेसेज. "ताई, काल पुन्हा. या वेळी पट्टा." फोटो पाठवला, लगेच पुसला.

धाकटीला बाबांनी नरखेडकडे दिली. संत्र्याची बाग पाहिली, माणूस पाहायचा राहिला.

तिथून निघायचं ठरलंय. नवरा माल घेऊन दिवसभर बाहेर जाईल, तो दिवस. वार ती कळवणार. कॉल करता येत नाही, कॉलची यादी तो रोज पाहतो. मेसेज लिहायचे आणि पुसायचे.

तिचा दीर पोलिसात. त्याच तालुक्यात. म्हणजे मसुद्याप्रमाणे सगळं त्याच्याच टेबलावर. पट्टा, फवारणीचं औषध, पळून येते. तिचे सगळेच शब्द संशयास्पद.

रविवार, ११ जानेवारी
विरोध सभा, गांधीबागेत. कापडवाल्यांचं सभागृह. पहिला अर्धा तास सत्कार. शाल, नारळ, पुन्हा शाल. मग विरोध समितीचे अध्यक्ष. लोकशाही, लोकशाही. मेसेज हा शब्द एकदाही नाही. फोन मात्र दोनदा घेतला, तोंडापुढे हात धरून.

शेवटी किसनभाऊ उठले. बाबांबरोबर दलाली करायचे, ऐंशीच्या पुढे असतील. "मी अन् या बाईचे बाबा भर बाजारात दुपट्ट्याखाली हात घालून भाव करत होतो. शंभर लोक पाहत. कोणी म्हटलं नाही का दुपट्टा उचला." बसले. टाळ्या नाहीत. अध्यक्षांनी आभार मानले.

ती बोटं बाबांनी आम्हा दोघींना शिकवली होती, टॉवेलखाली. जितकी बोटं धरली तो आकडा. समोरच्याने तेवढीच परत दाबली की सौदा पक्का. आम्ही त्यात वार घातले. सोमवार एक, मंगळवार दोन. आईला कधी कळलं नाही. सु. माझ्याहून चपळ होती.

मंगळवार, १३ जानेवारी
समितीने वाटलेला हरकतीचा छापील अर्ज. नाव, मोबाइल, कारण.

कारण लिहायला बसले. खरं लिहिलं तर सु.चं नाव कागदावर. खोटं लिहायचं तर ते अध्यक्षांना जास्त चांगलं जमतं. रकाना रिकामा सोडला.

संध्याकाळी समितीने सगळ्या अर्जांचे फोटो ग्रुपवर टाकले. नाव, नंबर, सही. लोकांचं खासगीपण जपण्यासाठी. "काढा" असं लिहिलं. उत्तरात जोडलेले हात आले.

शुक्रवार, १६ जानेवारी
समितीतून फोन.
"मॅडम, तुमचा कारणाचा रकाना रिकामा हाये."
"राहू द्या."
"बिनाकारणाची हरकत घेत नाहीत न."
"कारण सांगायचं नाही, हीच हरकत आहे."
मग, "तर लोकशाही लिहून टाकू का?"
"टाका."
मला त्यांना हसायचा हक्क उरलेला नाही.

रविवार, १८ जानेवारी
सु.ने कॉल केला. मागे विहिरीवरची मोटर. मुद्दाम तिथे उभी असणार.

"ताई, म्या ते मेसेजचं फोनातून काढून टाकलं. भाऊजी जेवताना म्हणत होते, आतापासूनच सगळं दिसते आमाले. तू बी काही पाठवू नको वं."
म्हटलं, खोटं आहे ते. अजून नियमच झालेला नाही.
"तुले काय माहीत? ते पोलिसात आहेत न."
"मग वार कसा कळवशील?"
"शुक्रवारी हळदीकुंकू आहे. ये. कॉल काहून केला विचारलं तर हेच सांगीन." ठेवला.

नियम नाही, यंत्र नाही, कोणाला काही दिसत नाही. वरण ओरपता ओरपता एका शिपायाने थाप मारली आणि माझ्या बहिणीची एकुलती वाट बंद झाली. सरकारने उगाच एवढा मसुदा लिहिला.

शुक्रवार, २३ जानेवारी
एसटीने सु.कडे गेले. नवरा दारातच. "ताई, तुमी विरोध करून राहिल्या म्हणे सरकारले. काहून? काय लपवता?"
"वय," म्हटलं.
बायका हसल्या. तोही हसला. दीर हसला नाही.

सु. बारीक झाली आहे. लांब बाह्यांचं ब्लाउज, गळ्यापर्यंत पदर. कुंकू लावलं, तिळगूळ दिला, ओटी भरायला वाकली. तिचा पदर माझ्या हातावर पडला. पदराखाली माझी चार बोटं तिने घट्ट धरली. मी चार परत दाबली.

"वाण घ्या वं ताई," म्हणाली मोठ्याने. प्लॅस्टिकची साबणदाणी.

सगळे पाहत होते.

गुरुवार, २९ जानेवारी
बसस्टँड, सकाळपासून. वही मांडीवर. वही अजून कोणी तपासत नाही.

तिकडच्या दोन गाड्या येऊन गेल्या. नाही.

समितीच्या ग्रुपवर: हरकतींची मुदत वाढली. अध्यक्ष, "ऐतिहासिक विजय." खाली फटाके, झेंडे. ठोंबरे सरही आता ग्रुपवर. त्यांनी फूल पाठवलं. फोन पिशवीत टाकला. त्यावर तिचं काही येणार नाही.

चार होती. अंगठा नव्हता त्यात, म्हणजे शुक्रवार नाही. चारच होती.

साडेदहाची वळणावर दिसते आहे. पाटी अजून वाचता येत नाही.