माझ्याकडे बोट दाखवणाऱ्या बाई

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणायचं आपलं सवयीने. कंबरेची एकंदर स्थिती पाहता सध्या आठांपैकी पाचच अंगं जमिनीपर्यंत पोचतात. उरलेली तीन मनातल्या मनात टेकवली आहेत, गोड मानून घे.) तुझा नवा गुडघा कसा आहे? जुना गुडघा हवा बदलायच्या दोन दिवस आधी सांगायचा. नवा काही सांगतो का, की तोही हल्लीच्या माणसांसारखा घुम्या निघाला? भाच्याला आणि सूनबाईला आशीर्वाद. परदेशात आशीर्वाद लागू पडतात की नाही ठाऊक नाही, पण पाठवायला वेगळं तिकीट लागत नाही.

मी मजेत आहे. म्हणजे मजा नाही, पण तक्रार करावी असंही काही नाही. ही गेल्यापासून घरात आवाज तेवढा कमी झालाय. माझं दुकान होतं तिथे आता एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. मी कधी पायरीपाशी थांबलो तर तो मलाच विचारतो, "काका, कुठलं मॉडेल?" शिलाई मशीनच्या दुरुस्तीत हाडं झिजवलेल्या माणसाने याला काय उत्तर द्यावं? जुनं मॉडेल, असं सांगून पुढे निघतो.

तर संध्याकाळी करमत नाही म्हणून मी आपल्या लेकीला रोज फोन लावायचो आणि कुठल्या मशीनला काय झालं होतं ते सांगायचो. ती बिचारी आपली नोकरी सांभाळून ऐकायची. एक दिवस म्हणाली, "बाबा, हे सगळं लिहून ठेवा ना. मी वेबसाइट करून देते, जगाला उपयोग होईल." जगाच्या उपयोगापेक्षा तिच्या कानांना विश्रांती हा हेतू मला दिसत होता, पण लेकीच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो आहे? 'धागा का तुटतो', 'टाका का सुटतो', 'मशीन खडखडते तेव्हा ती काय म्हणते' असे लेख पाडले. मग तिने मला वेबमास्टर टूल्स नावाची चीज दाखवली. अक्का, वेबमास्टर म्हणजे मीच बरं का. उभ्या जन्मात कुणी मास्तर म्हटलं नव्हतं, ते पेन्शनीच्या वयात झालो.

हे साधन काय सांगतं? लोकांनी कुठले शब्द शोधले, त्यात आपण किती वेळा दिसलो, आणि दिसलो त्यातल्या किती जणांनी आपल्यावर क्लिक केलं. दिसणं बरंच, क्लिक अगदी नाममात्र. (सगळ्यांचंच असं असतं, अशी लेकीने समजूत घातली. वरसंशोधनाच्या काळात माझंही असंच होतं, हे तुला आठवत असेल.) माझं सरासरी स्थान त्रेपन्नावं. आमच्या वर्गात मुळात पोरंच चाळीस होती, त्यामुळे इतका मागचा नंबर मला शाळेतसुद्धा कधी मिळाला नव्हता. आलेखाची रेघ कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी आडवी. पण लोकांनी टाकलेले प्रश्न वाचायचा मला नाद लागला. एकाने नुसतंच विचारलं होतं, 'सुई का मोडते'. मी मोठ्याने म्हणालो, "अहो, कापड ओढता म्हणून!" घरात कुणी हूं म्हटलं नाही. मग त्यावर एक लेखच लिहिला.

त्या प्रश्नांच्या गर्दीत एक भला माणूस मला भेटला. तो चक्क माझं पूर्ण नाव टाकून शोधायचा, आणि रोज सकाळी न चुकता यायचा. मी हरखलो. कोण असेल? जुनं गिऱ्हाईक? शेजारच्या गाळ्यातला तो घड्याळजी, जो मुलाकडे राहायला गेला तो गेलाच? मी साइटवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'रोज सकाळी येणाऱ्या गृहस्थांस नमस्कार. कृपया ओळख द्यावी. संकोच नसावा.' आणि उत्तर आलं का ते बघायला दिवसातून चारदा साइट उघडू लागलो. गंमत म्हणजे तोही चारदा येऊ लागला! मी म्हटलं, माणूस ओढला गेलाय. शेवटी लेकीला सांगितलं, तर तिने उलट मलाच विचारलं.

"बाबा, तुम्ही साइट कशी उघडता?"

"कशी म्हणजे? नाव टाकतो, शोधतो, येतं त्यावर दाबतो."

"बाबा, तो माणूस तुम्हीच आहात."

हसलो मी, अक्का, बराच हसलो. पण खरं सांगू, मला त्या माणसाची सवय झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याशिवाय चहा घ्यायला जड गेलं.

मग लेकीने मला दुसऱ्या नादाला लावलं: लिंका. दुसऱ्या कुणी आपल्या साइटवरून आपल्याकडे बोट दाखवलं की म्हणे आपली पत वाढते. (लोकांनी आजवर माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा असलेली पतसुद्धा गेली, पण काळ बदलला म्हणायचा.) यादी उघडून पाहतो तर माझ्याकडे बोट दाखवणारे कोण? एक केसांचे टोप विकणारा, एक घोड्यांच्या सांधेदुखीचं तेल विकणारा, आणि एक ज्याची लिपीच मला ओळखता येईना. आपल्याला कुणी विचारलं तर आपण आभार मानावेत, हे आईचं वळण. मी तिघांनाही सविस्तर आभारपत्रं पाठवली, घोड्यांची चौकशीही केली. लेकीने कपाळावर हात मारून घेतला. ते सगळं यंत्रांनी पसरलेलं तण असतं म्हणे, त्यामागे माणूस नसतोच. एक मात्र खराच माणूस भेटला. पहिल्या क्रमांकावर आणून देतो म्हणून त्याचा फोन आला. फार गोड बोलला. मी त्याला त्रेपन्नाव्या क्रमांकापासून हिच्या शेवटच्या दुखण्यापर्यंत सगळं सांगितलं. मधेमधे तो "सर, सर" म्हणत होता. शेवटी "काका, मी नंतर करतो" म्हणाला. सरांचा काका झालो, याचं मला बरंच वाटलं. पुन्हा फोन आला नाही.

आणि अशा त्या तणात एक खरी लिंक सापडली. आपल्याच शहरात, नदीपलीकडे, घरी पडदे शिवणाऱ्या एक बाई. आपल्या साइटवर पडद्यांचे फोटो टाकायच्या, खाली दोन ओळी लिहायच्या. तिथे त्यांनी लिहिलं होतं, 'मशीन टाका सोडत असेल तर या गृहस्थांचं वाचा. फार प्रेमाने सांगतात. माझी मशीन मात्र त्यांचं ऐकत नाही.' पहिली दोन वाक्यं वाचून माझे डोळे भरून आले आणि तिसरं वाचून माथं भडकलं. ऐकत नाही म्हणजे काय? पत्ता खालीच होता. हत्यारांची पेटी उचलली, इस्त्रीचा शर्ट घातला (पेटी उचलायला इस्त्री कशाला, असं तू विचारशील, विचारू नकोस) आणि दारात उभा राहिलो.

बाई पन्नाशीच्या, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. मी म्हटलं, "तुमची मशीन ऐकत नाही ती कुठे आहे?" त्या क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही खरे आहात होय!" असं स्वागत माझं कुणी केलं नव्हतं. खोली भरून पडद्यांचे तागे, आणि खिडकीला पडदा नाही. मशीन त्यांच्या आईची. उघडली तर कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली जाड कापडाचा भुसा गादीसारखा दाबून बसलेला, आणि खालचा धागा पकडणाऱ्या शटलचं टोक बोथट. सगळं उपसलं, टोक घासून पुन्हा अणकुचीदार केलं, तेल दिलं. बाई समोर स्टुलावर बसून आईच्या गोष्टी सांगत होत्या, मी हिच्या सांगत होतो. एका तासाचं काम मी संध्याकाळपर्यंत पुरवलं. शेवटी पायडल मारलं तशी मशीन अशी चालली, की आम्ही दोघंही गोष्टी सोडून तिचंच ऐकत बसलो. "आई शिवत असताना असाच आवाज यायचा," असं त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

घरी येऊन मी मनात योजना आखल्या. पुढच्या महिन्यात तेल द्यायला जायचं, मग पट्टा बदलायला, मग पट्टा नीट बसला का ते बघायला. पण अक्का, माझ्या हाताला यश फार! मशीन इतकी सुंदर चालू लागली की तिला लगेच चांगलं गिऱ्हाईक मिळालं. बाईंना थोरल्या भावाकडे कायमचं राहायला जायचं होतं, मशीन बिघडलेली म्हणून कुणी घेत नव्हतं आणि आईची वस्तू भंगारात टाकवत नव्हती, तेवढ्यासाठीच त्या अडून राहिल्या होत्या. ही अडचण मीच इस्त्रीचा शर्ट घालून जाऊन दूर केली. साइटवर त्यांनी शेवटचं लिहिलं, 'मशीन चांगल्या घरी गेली. त्या गृहस्थांचे उपकार.' आठवड्याभरात ती साइटही बंद झाली. साधन मोठं प्रामाणिक आहे. यादीतून त्यांचं नाव गेलं, टोपवाला आणि घोडेवाला राहिले.

बाकी सर्व क्षेम. प्रकृतीला जप. थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. : या साधनात देशांचीही एक यादी असते. कुठल्या देशात आपण कुणाला दिसलो ते त्यात कळतं. ज्यांची नावं मला उच्चारता येत नाहीत असेही देश तिथे आहेत. तुझा नाही. सूनबाईला मोकळा वेळ असेल तर आठवड्यातून एकदा माझं नाव टाकून शोधायला सांगशील का? क्लिक नाही केलं तरी चालेल. नुसतं दिसलो तरी यादीत तुझा देश येईल, आणि मी सकाळी उठून तेवढं बघेन.

आणखी एक ता. क. : चुकून क्लिक झालंच, तर पानाच्या अगदी तळाशी माझा फोन नंबर आहे. त्यावर बाहेरून फोन लागतो की नाही, हे मात्र हे साधन सांगत नाही. ते बघायचं तर कुणीतरी लावूनच बघावं लागतं.