माडवाडीचं घर

माडवाडी, ता. मालवण
१४ नोव्हेंबर २००५

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

इकडे मी बरा आहे. कंबर तेवढी एसटीतच राहिली असं वाटतं. मोबाईलला इथे रेंज नाही, आणि एसटीडीच्या टपरीवर अर्धी वाडी आपलं बोलणं ऐकायला उभी असते. म्हणून हे पत्र.

तुझ्या भाच्यासाठी घर शोधत किनाऱ्यावरची गावं पालथी घालतोय. चेतनच्या अटी तुला पाठ असतीलच. समुद्र चालत जाण्याइतका जवळ हवा, अंगणात होडी मावायला हवी, आणि हिवाळ्यात वारा शांत हवा, कारण साहेब डिसेंबर ते फेब्रुवारी शनिवार-रविवारी इथे येऊन पाण्यात खेळणार. आपल्याला हिवाळा म्हटलं की कानटोपी आठवते. कंपनीने काही महिने ऑस्ट्रेलियाला काय धाडलं, पोरगा पाण्याखाली श्वास घ्यायला शिकला आणि तेव्हापासून जमिनीवर यायला तयार नाही. त्याला मात्र रजा मिळत नाही. म्हणून खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला बाप बिनपगारी दलाल झालाय.

काल एक घर मिळालं, बहुतेक. गोपाळकृष्ण नावाच्या एका निवृत्त मास्तरांचं. जांभ्याच्या भिंती, मागे खाडी, पुढे माड आणि त्यापलीकडे समुद्र. विहिरीचं पाणी इतकं गोड की मी दोन तांबे प्यालो. माझं नुसतं ‘रामदास’ हे नाव ऐकून मास्तर खूश झाले आणि जेवूनच जा म्हणाले. चेतनची आई, आपली हिरा, आज असती तर तिने कालच पडद्यांची मापं घेतली असती. मी मेलो तरी पुन्हा एसटीत बसणार नाही, तेव्हा हेच घर पक्कं होवो.

दाजींना जय भीम. तुझी माया आहे तेवढी पुरते. वाढवलीस तर नाही म्हणणार नाही.

तुझा
रामदास

*

येरवडा, पुणे
२२ नोव्हेंबर २००५

चि. रामदास यास,
सप्रेम जय भीम.

पत्र पोचलं. माझे गुडघे होते तिथेच आहेत, मला कुठे न्यायचं तेवढं त्यांनी बंद केलंय. तुझे दाजी झटक्यानंतर आता काठी धरून मोरीपर्यंत जातात. डाव्या हातात अजून जोर नाही, तोंडात मात्र पूर्वीइतकाच आहे.

मास्तरांची सोलकढी पिऊन झाली असेल तर सातबारा बघ. वारस किती आहेत आणि त्यातले किती मुंबईत आहेत ते आधी विचार. घर गावठाणात आहे का तेही बघ, कारण आपण शेतकरी नाही, आपल्याला शेतजमीन घेता येणार नाही. समुद्राला खेटून बांधकामाला परवानगी मिळत नाही. सगळी नोकरी महसूल खात्यात काढली ती भावाने माड बघून भुलावं म्हणून नव्हे.

चेतन रविवारी आला होता. जेवता जेवता पानावरच पेंगला. आपली रात्र झाली की त्याच्या ऑफिसात अमेरिकेचा दिवस उजाडतो म्हणे. मी म्हटलं, समुद्र राहू दे, आधी झोप विकत घे. तर म्हणाला, आत्या, पाण्याखाली फोन वाजत नाही. जाताना एक पिवळी होडी माझ्या गॅलरीत ठेवून गेलाय. तिला कयाक म्हणायचं. हे तिच्यावर टॉवेल वाळत घालतात.

उन्हात हिंडू नकोस. रागावते ती आपलेपणाने, हे लक्षात ठेव.

तुझी
सत्यशीलाताई

*

माडवाडी
५ डिसेंबर २००५

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

हे पत्र चेतनच्या हाती पडू देऊ नकोस.

तू सांगितल्याप्रमाणे कागद बघितले. सगळं स्वच्छ निघालं. मग मास्तर म्हणाले, करारासाठी पूर्ण नाव लिहून द्या. मी आडनावासकट लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं, मूळ गाव कोणतं विचारलं, आणि चष्मा काढून पुसत बसले. त्या दिवशी जेवायचं काही बोलले नाहीत. पुढे दोनदा गेलो तर घरात नाहीत असं बाईंनी दारातूनच सांगितलं.

शेवटी परवा रस्त्यात गाठलं. माणूस उर्मट नाही गं. खाली बघत म्हणाले, "विहीर सामाईक आहे हो. माझं काही नाही, पण शेजारी ऐकायचे नाहीत."

त्याच विहिरीचं पाणी मी पहिल्या दिवशी प्यालो होतो. ते बोललो नाही. बरं म्हणालो आणि परत आलो. खोलीवर आल्यावर बूटसुद्धा न काढता पडून राहिलो.

चेतनला कळवलंय की कागद खराब निघाले. तूही तसंच सांग. आपण मुलांना या गोष्टींपासून लांब वाढवलं. त्याला वाटतं हे सगळं आपल्या पिढीबरोबर संपलं. वाटू दे. दुसरं घर बघायला अंगात जोर नाही. तुझं उत्तर आलं की परत निघतो.

तुझ्याशिवाय हे कोणाला लिहिणार?

तुझा
रामदास

*

येरवडा
१३ डिसेंबर २००५

चि. रामदास यास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. राग यायला हवा होता. नुसता थकवा आला. ऑफिसात माझ्यासाठी वेगळा पेला ठेवणारे लोक आठवले. त्यांच्या सेवापुस्तकातल्या नोंदी मीच नीट करून दिल्या होत्या.

पण तू म्हणतोस ते मी करणार नाही. चेतन काल आला होता. वकील लावून कागद दुरुस्त करून घेऊ म्हणत होता. कोणता कागद, कोणती त्रुटी, असं मलाच विचारत बसला. महसूल खात्यातली बाई खोट्या त्रुटी शोधून देणार? बापाला विचार म्हटलं आणि कुकर लावायला उठले.

तो एकोणतीस वर्षांचा आहे. त्याच्या नावावर कर्ज निघतं, मग हेही त्याच्या नावावर निघू दे. तू सांगितलं नाहीस तर उद्या एखाद्या दुसऱ्या दारात, मित्रांदेखत, त्याला कळेल. त्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलेलं बरं. नाताळची सुट्टी आहे म्हणून तो तिकडे येतोय. तोवर निघू नकोस.

जेवतोस ना वेळेवर? काळजी वाटते, म्हणून विचारते.

तुझी
सत्यशीलाताई

*

माडवाडी
२२ जानेवारी २००६

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं झालं, पण लिहवेना.

चेतन आला त्याच दिवशी सांगितलं. आधी हसला. बाबा, तुमची काहीतरी समजूत झाली असेल म्हणाला. मग स्वतःच मास्तरांकडे गेला. मीही मागोमाग गेलो. मास्तरांनी खुर्ची दिली, नोकरीची चौकशी केली. चेतनने सरळ विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मऊ करून. तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे घर द्यायला हरकत नाही, पाणी द्यायला आहे?" मास्तर पुन्हा चष्मा पुसायला लागले. आम्ही उठलो.

त्या दिवशी समुद्र ताटात घेतल्यासारखा शांत होता. तो पाण्यात उतरला नाही. वाळूत बसून राहिला. संध्याकाळी म्हणाला, "नको बाबा घर. सुट्टीतही हेच असेल तर मी ऑफिसात झोपतो." मला म्हणाला, चला, सामान भरा.

आणि पहिल्या दिवसापासून कुरकुरणारा मी म्हणालो, तू जा, मी थांबतो. का म्हणालो ते धड सांगता येत नाही. रागाने नव्हे. राग धरायलाही ताकद लागते. पण तेव्हा निघालो असतो तर आयुष्यभर लोकांना कागद खराब होते असंच सांगत बसलो असतो.

वाडीच्या दुसऱ्या टोकाला बाबुराव म्हणून एकांचं घर विकायला होतं. लहान आहे, कौलं फुटलेली, पण विहीर स्वतःची. पाणी मचूळ आहे. या वेळी फाटकातच पूर्ण नाव सांगितलं, मग आत गेलो. बाबुराव बरं म्हणाले आणि किंमत वाढवली. त्यांना मुलीकडे कायमचं जायचंय, आम्हाला घ्यायचंय. यात मोठेपणा कुणाचाच नाही. मला तेच बरं वाटलं.

चेतनला फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, बाबा, तुम्ही एकटे राहाल तिथे? मी म्हटलं, कौलं बदलेपर्यंत तरी.

तुझं मत कळव. कडक असलं तरी चालेल.

तुझा
रामदास

*

येरवडा
१९ मार्च २००६

चि. रामदास यास,
सप्रेम जय भीम.

खरेदीखताची नक्कल चेतनने दाखवली. तपासली. चूक सापडली नाही, त्यामुळे जरा निराशा झाली.

होडी शेवटी माझ्या गॅलरीतून गेली. तिला जीपच्या टपावर बांधताना सगळी सोसायटी गोळा झाली होती. चेतन तिकडे दोनदा येऊन गेला असं कळलं. पहिल्या खेपेला समुद्राकडे फिरकलाही नाही, नुसता झोपला म्हणे. दुसऱ्या खेपेला होडी घेऊन खाडीत गेला. परत आला तेव्हा इथे माझ्याकडे दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मास्तर बाजारात तुला बघून रस्ता ओलांडतात, हेही त्याने सांगितलं. तू मात्र कळवलं नाहीस.

यांना समुद्र बघायचाय. डॉक्टर नको म्हणतात, मीही नको म्हणते, आणि हे दोघांचंही ऐकत नाहीत. पावसाळ्याआधी आणेन. मोरीत धरायला कडी बसवून घे.

आता मत. या वयात, या कंबरेनिशी, मचूळ पाणी पीत तू तिथे राहतोस हे मला पटलेलं नाही, पटणारही नाही. पण तुला तिथून हलवायला कोणी आलं तर आधी मला कळव.

आम्ही दोघं आहोत, आणि तुझेच आहोत.

तुझी
सत्यशीलाताई