आतली सुई स्वल्प बाहेर

गुरुवार, संध्याकाळ

जिंकले मी! चहा निवतोय, निवू दे.

इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपात मी सुईत सुई बसवते. दोन्हींतून दोन वेगळी द्रावणं सोडून विजेचा दाब दिला, की केसाहून कितीतरी बारीक धागा निघतो, आत एक पदार्थ, वर दुसऱ्याचं कवच. पण हेब्बाळच्या लॅबमधल्या पुण्याच्या मॅडमकडे माझ्या सुईतून आठवडाभर नुसते थेंब गळत होते. मालक म्हणाले, "अक्का, तुमचा हात थरथरतो. सोमवारपासून पॅकिंगला बसा." थरथरतो? माझा?

काल रागारागाने लॅबमध्येच गेले. भिंगातून बघितलं. आतलं द्रावण बाहेरच्या सुईच्या तोंडाशीच अडकून पसरत होतं. म्हटलं, "आतली सुई स्वल्प बाहेर हवी."

"स्वल्प म्हणजे किती मिलिमीटर?"

मी अंगठ्याचं नख पुढे केलं. "ह्याच्या जाडीइतकं."

"पण अक्का, ड्रॉइंगमध्ये दोन्ही तोंडं सारखी आहेत."

"मग ड्रॉइंगलाच धागा काढायला सांगा!"

हसल्या बिचाऱ्या. मी आतली सुई नखाच्या जाडीएवढी पुढे सरकवली आणि थेंब गळायचा थांबला. पांढरा धागा सुटला तो सुटलाच. आज त्याचा मोठा केलेला फोटो आला. फिकट धाग्याच्या बरोबर मधोमध काळी रेघ, म्हणजे आतला पदार्थ. इतकी सरळ रेघ मी शाळेतही कधी काढली नाही.

मॅडमनी नवं ड्रॉइंग पाठवलंय. त्यात मोजलेला आकडा आहे, आणि शेजारी लिहिलंय: स्वल्प.

मालकांनी हळूच विचारलं, "मग सोमवारी पॅकिंगला कोण?"

म्हटलं, "तुम्ही बसा. हात थरथरत नसेल तर."