सतरा सेंटीमीटरचा ठोकळा

ठक्, ठक्-ठक्, ठक्. शाळेच्या ऑफिसात माझ्या खुर्चीमागे भिंत होती आणि भिंतीपलीकडे पाचवीचा वर्ग. मराठीच्या बाई बोटाच्या पेराने बाकावर ताल धरत आणि चाळीस पोरं एका दमात कविता म्हणत. मी इकडे हजेरीपट जुळवत तीस वर्षं ते ऐकलं. आज हा कागद पुढे ओढला तर सगळ्यात आधी तोच आवाज कानात आला. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. जन्मभर दुसऱ्यांचे मसुदे लिहिले, हा एक माझा आहे.

तर मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शाळेचा निवृत्त हेडक्लार्क, पोरांच्या तोंडी 'गुणगुणे', हे मृत्युपत्र राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून स्वहस्ते व स्वखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. "आज लिहिलं नाहीत तर मी लिहीन आणि तुम्ही सही कराल," एवढेच सौ. म्हणाली. कायदा याला दडपण म्हणत नाही.

कारण असे की येत्या गुरुवारी माझ्या हृदयाच्या एका नळीत बारीक जाळीची स्प्रिंग बसवायची आहे. "उंची कमी होणार नाही ना?" असे मी तिथल्या डॉक्टरांना विचारले. ते हसले नाहीत. सौ. मात्र तोंडाला पदर लावून बाहेर गेली. तिच्या हसण्याचे कारण कलम चारमध्ये येईल.

बुद्धी शाबूत असल्याचा दाखला आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. "डोकं ठिकाणावर आहे, फक्त ते ठिकाण जरा लांब आहे," हे त्यांचे वाक्य दाखल्यात नाही. ते पहिले साक्षीदार म्हणून आत्ता माझ्यासमोर बसले आहेत आणि पेपर वाचत असल्याचे दाखवून पेंगत आहेत. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर त्याचे मिळणे रद्द होते. म्हणून घरचे कोणी साक्षीला नाही. डॉक्टरांना मी काहीही ठेवलेले नाही. त्यांना हे आधी सांगितले, तरी ते आले.

कलम एक. हे घर सौ.चे, तिच्यानंतर मुलीचे. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी मी स्वतः दुरुस्त केली आहे, म्हणजे ती आता लागत नाही. ती सुताराकडून करून घ्यावी. मी हयात असताना हे बोलायची सोय नव्हती.

कलम दोन. बँकेतली ठेव सौ.ची. आकडा लिहून कोणाचा हिरमोड करत नाही.

कलम तीन. माझ्या कवितांच्या अकरा वह्या मुलीने ठेवाव्यात, छापू नयेत. त्यांतली एकच कविता दुसऱ्या माणसाने पूर्ण ऐकली आहे:

चाक फिरे, वाट सरे, मागे धूळ राही,
जायचे ते कुठे होते, आठवत नाही.

ऐकणारा आमच्या गल्लीतला गॅरेजवाला मिस्त्री होता, आणि त्याला पळता आले नाही कारण तो माझ्या गाडीखाली झोपलेला होता. आतूनच म्हणाला, "धूळ राहू दे मागे साहेब. सायलेन्सर राहिला तर सांगा." मला भेटलेला हा एकमेव समीक्षक.

कलम चार. पांढरी छोटी गाडी मुलीला. ती नर्स आहे. रस्ता संपतो तिथून पुढच्या वस्त्यांवर बाळंतिणींना बघायला जाते, कधीकधी एखादीला मागच्या सीटवर घालून आणते. तेव्हा गाडीने कमी हिंदकळले पाहिजे आणि गाडीचे पोटही दगडाला लागता कामा नये. या दोन गोष्टी एकत्र जमतात हे मला उशिरा कळले. कसे कळले ते लिहितो.

तेरा वर्षांपूर्वी पुढच्या डाव्या चाकातून आवाज येऊ लागला. ठक्, ठक्-ठक्, ठक्. दुसरा माणूस घाबरला असता. मला पाचवीचा वर्ग सापडला! सहा महिने मी त्या तालावर कविता म्हणत गाडी चालवली. शेवटी सौ.ने मला मिस्त्रीकडे नेले. त्याने चाक हलवून पाहिले.

"साहेब, गाडी कविता म्हणत नाहीये. बुश गेलाय, चाकाच्या जोडातलं रबर."

मग सौ.कडे वळून, "वळणावर गाडी कलंडते, तुम्हाला मळमळतं. बरोबर ना बाईसाहेब?"

"यांना सांगून दमले हो. हे म्हणतात, नाव अशीच डुलते."

"नाव पाण्यात ठीक आहे." त्याने हात पुसले. "ऐका साहेब. स्प्रिंग जरा कडक, पण उंचीला मूळ होती तेवढीच. शॉकअप चांगले टाकू. बुश सगळे नवे. टायर आहे त्याच मापाचे. गाडी खाली आणायची नाही. आपल्या गल्लीच्या तोंडाशी तो सिमेंटचा उंचवटा आहे ना, त्याला कविता कळत नाही."

आणि एका फळीचा तुकडा रंधून त्याने मला ठोकळा करून दिला, उंची बरोबर सतरा सेंटीमीटर. "घरची सगळी माणसं गाडीत बसवा आणि हा पोटाखालून सरकवा. अडला तर काम चुकलं समजा."

इथे जावईबापूंचा प्रवेश होतो. तेव्हा ते नवे जावई होते आणि मी नवा सासरा, म्हणजे दोघेही एकमेकांचे ऐकत होतो. "बाबा, गाडी कशी रस्त्याला चिकटून धावली पाहिजे. स्प्रिंगचा एकेक वेढा कापला की झालं! शॉकअपला खर्च कशाला?" माझ्या गाडीविषयी 'धावणे' हे क्रियापद कोणी पहिल्यांदाच वापरले होते. मी विरघळलो. दुसऱ्या एका दुकानात स्प्रिंगा कापून आणल्या. गाडी खाली बसली, दिसायला ऐटदार झाली. ठोकळा काही खालून जाईना.

शहाणा माणूस अशा वेळी स्प्रिंगा बदलतो. मी ठोकळा तासला. पायरीवर बसून, कानस घेऊन, गुणगुणत. मग सरकवला, तो सुर्रकन गेला. सौ.ला हाक मारून दाखवला.

"हा बारीक झालाय का हो?"

"लाकूड आहे. उन्हाने आकसतं."

पुढच्याच रविवारी सौ. आणि थोरल्या मेहुणीबाईंना घेऊन निघालो. गल्लीच्या तोंडाशी गाडी उंचवट्यावर पोटाने टेकली आणि तिथेच राहिली. चाके नुसतीच फिरत होती. मेहुणीबाई मागून म्हणाल्या, "मी उतरू का गं?" सौ. म्हणाली, "नको ताई, तू उतरलीस तर आम्ही पुढे पडू." माणसे जमली. गॅरेज वीस पावलांवर. मिस्त्री जॅक आणि फळ्या घेऊन आला, वाकून स्प्रिंगा पाहिल्या, आणि हळूच, मला एकट्याला ऐकू जाईल असे विचारले, "ठोकळा सरकवला होतात ना?"

मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणालो, "सरकवला होता. तुमचंच माप खोटं आहे."

त्याने गाडी उतरवून दिली, हात पुसले आणि गेला. त्यानंतर कित्येक महिने पोरेटोरे त्याला टेप दाखवून विचारत, "मिस्त्री, बरोबर आहे ना?" मी ते पुढच्या खिडकीतून ऐकत असे. खिडकी लावून घेत असे. ती सवय अजून गेलेली नाही.

नंतर मी दुसऱ्या गावी जाऊन मिस्त्रीने सांगितले होते तेच शब्दशः करून घेतले. तीच उंची, कडक स्प्रिंग, चांगले शॉकअप, नवे बुश. बारा वर्षे झाली, गाडी वळणावर कलंडत नाही आणि पोट एकदाही घासलेले नाही. कोणी कौतुक केले की मी म्हणतो, "माझीच कल्पना."

मुलीने यात फेरफार करू नये. वस्तूची उंची राखून तिचा स्वभाव सुधारता येतो. मालकाच्या बाबतीत उलटे झाले.

कलम पाच. ठोकळा मिस्त्रीला. तासलेल्या बाजूला मी दुसऱ्या लाकडाची पट्टी चिकटवली आहे. माप पुन्हा सतरा भरते, जोड दिसतो. ठोकळा देताना मुलीने गॅरेजात चार गिऱ्हाईके आहेत असे पाहून मोठ्याने वाचावे: माप खरे होते. खोटा मी होतो.

कलम सहा. कापलेल्या चार स्प्रिंगा माळ्यावर आहेत. त्या जावईबापूंना, प्रेमपूर्वक. कुंड्यांखाली ठेवता येतील.

कलम पाच सौ.ने अर्ध्या तासापूर्वी माझ्या खांद्यावरून वाचले.

"मेल्यावर माफी मागणार? वा! आणि तो तुमच्या आधी गेला तर?"

"तर त्याच्या वारसांना..."

"बारा वर्षं पोळ्या करताना मी ती पुढची खिडकी लागलेली ऐकतेय." तिने चपला घातल्या. दुसरे साक्षीदार म्हणून येणारे औषधवाले ताप आल्याने येत नाहीत असा निरोप आला होता. "तुमचा दुसरा साक्षीदार मी आणते," म्हणाली आणि गेली.

येणेप्रमाणे हे माझे पहिले व अखेरचे मृत्युपत्र. माझी सही दोन्ही साक्षीदारांसमक्ष करावयाची असल्याने जागा कोरी ठेवली आहे.

स्थळ : राहते घर, पुढची खोली.
दिनांक : अकरा, सोमवार, संध्याकाळचे साडेपाच.
साक्षीदार पहिले : वरच्या मजल्यावरचे डॉक्टर.
साक्षीदार दुसरे :

दार वाजले. सौ.च्या मागे मिस्त्री उभा आहे. केस सगळे पांढरे झालेत, हात अजून पुसतोच आहे. "साहेब, बाईसाहेब म्हणाल्या सही पाहिजे. कशावर ते नाही सांगितलं."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. हे सौ.ला तीस वर्षे मीच ऐकवत आलो. म्हणून कलम पाच मी आत्ता खोडत आहे. जे मुलीने द्यायचे आणि वाचायचे होते, ते माझ्याकडे आले.

ठोकळा खिडकीत आहे. मी उठतो. सौ. दार लावून घेत होती, तिला म्हटले, उघडेच राहू दे, गल्लीपर्यंत ऐकू गेले पाहिजे.