कुत्र्यांची गाडी

आप्पा,

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत कुत्र्यांची गाडी आली होती. मीच बोलावली होती. मी तेव्हा सेक्रेटरी होते, अर्जावर सही माझी होती. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला काही कळवावं असं मला कधी वाटलं नाही. आई गेली, घाटकोपरच्या डोंगरावरची खोली सोडून आम्ही मुलुंडला आलो, मला नातू झाला, तेव्हाही नाही. पण ती गाडी गेटातून आत वळली, माणसं आपापल्या गॅलऱ्यांत येऊन उभी राहिली, आणि मला वाटलं की हे तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी तुम्ही कोण होतात ते सांगावं लागतं, आणि ते मी आजवर टाळत आले.

तुम्ही महापालिकेच्या त्या गाडीवर होतात. सव्वीस वर्षं. लांब दांड्याचा लोखंडी चिमटा घेऊन गल्लीबोळात उतरायचं, भटकी कुत्री धरायची, गाडीच्या जाळीत टाकायची. तेव्हा नेलेली कुत्री परत येत नसत. कोंडवाड्यात नेऊन त्यांचं काय करतात ते तुम्ही घरी कधी बोलला नाहीत आणि आम्ही विचारलं नाही, पण सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. तुम्ही कामावरून तिथंच आंघोळ करून यायचात, खाकी कपडे तिथंच ठेवायचात, तरी कुत्र्यांना कळायचं. संध्याकाळी पाच-सव्वापाचला आपल्या गल्लीतली कुत्री एकदम गप्प व्हायची. भुंकायचीही नाहीत. उठायची आणि खाली मान घालून संडासामागे निघून जायची. मग आई स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायची. आमच्या घरात घड्याळाची गरज नव्हती, असं ती शेजारणीला सांगायची आणि हसायची. मला ते हसू आवडायचं नाही.

तुम्ही जेवताना कधीकधी बोलायचात. तुमच्या खात्यातल्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं की माणूस शिकार करून खायचा, शेकोटी करून बसायचा, तेव्हापासून कुत्रं त्याच्या मागे आहे. आधी लांब बसायचं, हाडकं खायचं, मग हळूहळू जवळ आलं, मग राखण करायला लागलं. गाई-बैल नंतर आले, शेती नंतर आली. हे सांगून तुम्ही म्हणायचात, "म्हणजे बघ, सगळ्यात जुना सोबती. आणि त्यालाच धरायला माणूस नेमलाय." मग गावची गोष्ट निघायची. आपली वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे. वस्तीतलं कुत्रं चुकून ओढा ओलांडून गावात गेलं तर गावातली कुत्री त्याला फाडायला धावायची. "त्यांना कुणी शिकवलं होतं?" तुम्ही विचारायचात आणि उत्तराची वाट न बघता भाकरी मोडायचात. तुमच्या गाडीवरचे चौघेही आपल्यातलेच होते. त्या कामाला दुसरं कुणी येतच नसे. हेही तुम्ही एकदाच बोललात, आणि तक्रार म्हणून बोलला नाहीत.

बुद्धपौर्णिमेला तुम्ही पांढरा सदरा घालून विहारात यायचात. सगळे उभे राहून पंचशील म्हणायचे. मी तुमच्या शेजारी असायचे, म्हणून मला ते ऐकू आलं. खरं तर ऐकू आलं नाही. जीव घेणार नाही हे पहिलं शील म्हणताना तुमचे ओठ मिटलेले असायचे. दुसऱ्यापासून तुमचा आवाज यायचा, चांगला खणखणीत. मी ते तीन-चार वर्षं बघितलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "गप बस, पुढं बघ."

आता त्या दिवसाबद्दल. मी सातवीत होते. वस्तीत एका मुलीला कुत्रं चावलं, तिच्या पोटात चौदा इंजेक्शनं दिली, आणि बायकांनी सह्या करून अर्ज दिला की कुत्री उचला. तोपर्यंत तुम्ही आपल्या डोंगरावर यायचं टाळत होतात, दुसऱ्याबरोबर पाळी बदलून घेत होतात. त्या दिवशी साहेबच गाडीत होते, बदलता आलं नाही. शाळा सुटून मी वर येत होते आणि गाडी खालच्या वळणावर उभी होती. ज्या बायकांनी सह्या केल्या त्याच ओरडत होत्या, "आमची नको, चावरी न्या!" चावरी कुठली ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तुम्ही एका काळ्या कुत्रीला धरलं होतं. तिला नुकती पिल्लं झाली होती, तिचं दूध गळत होतं. मुलांनी दगड उचलले. माझ्या वर्गातली होती सगळी. एकाने माझ्याकडे बघून म्हटलं, "ए, हिचा बाप आहे ना तो?" मी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. मी खाली वाकले, दगड घेतला आणि गर्दीच्या मागून मारला.

तो तुम्हाला लागला. कानाच्या वर. तुम्ही वळून बघितलंत आणि सरळ माझ्याकडे बघितलंत. एवढ्या माणसांत तुम्हाला मीच कशी दिसले, हे मला अजून समजलेलं नाही. तुम्ही कुत्रीला जाळीत टाकलंत, दार लावलंत, रुमाल कानावर धरून गाडीत चढलात.

त्या संध्याकाळी तुम्ही उशिरा आलात. तीन टाके होते. आईला सांगितलंत, गाडीचं दार लागलं. आई रडली, साहेबाला शिव्या दिल्या, हळद घातलेलं दूध दिलं. मी कोपऱ्यात वही उघडून बसले होते आणि त्या पानावर काय लिहिलं होतं ते मला आजही दिसतं, भूगोलाचा धडा होता, नद्यांची नावं. आई पाणी भरायला बाहेर गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, "हात चांगला आहे तुझा."

मी वहीचं पान उलटलं.

"दगड मारलास त्याचं काही नाही. मलाही कधी मारावासा वाटतो." मग थांबून म्हणालात, "पण पुढं येऊन मारायचास. मागं उभं राहून नाही मारायचं. आपल्या घरातलं कुणी मागं उभं राहिलेलं मला चालणार नाही."

एवढंच. तुम्ही मला मारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्या कुत्रीची पिल्लं पिशवीत घालून कुठंतरी नेलीत. पुढे आईकडून कळलं की पवईला तलावाजवळ एका तबेल्यात दिली होती, तिथं दूध मिळेल म्हणून. सहातली चार जगली, असं तबेलेवाल्याने तुम्हाला सांगितलं होतं म्हणे.

मी कॉलेजात गेले तोवर कायदा बदलला. मारणं बंद झालं. आता कुत्री धरायची, नसबंदी करायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचलली तिथंच आणून सोडायची. तुमचा चिमटा जाऊन जाळं आलं. एका रविवारी तुम्ही मला बरोबर नेलंत, कुर्ल्याला एका चाळीत दोन कुत्री सोडायची होती. दार उघडलं तशी ती उड्या मारून आपापल्या जागी पळाली. वरून एक बाई ओरडली, "अरे, परत कशाला आणली? ने ना यार!" तुम्ही इतके हसलात की ड्रायव्हरही हसायला लागला. "आधी नेतो म्हणून शिव्या, आता आणतो म्हणून शिव्या," तुम्ही म्हणालात. मी तुम्हाला तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी तुम्ही मला दाखवलंत की घाबरलेल्या कुत्र्याकडे बघायचं नाही, त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि श्वास सावकाश घ्यायचा. ते येतं. मी विचारलं, पूर्वीही असंच धरायचात का? तुम्ही म्हणालात, "हो. आपल्यावर विश्वास टाकतं म्हणूनच सापडतं. नाहीतर पळण्यात माणूस त्याला कुठं हरवणार?"

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला मी मुद्दाम तुमच्या शेजारी उभी राहिले. तुमचे ओठ पहिल्या शीलाला मिटलेलेच होते. घरी येताना मी म्हटलं, आता तर मारत नाहीत. तुम्ही म्हणालात, "बंद झालं म्हणून झालेलं जातं का?"

तर आमची सोसायटी. गेटाजवळ एक तांबडी कुत्री असते, नऊ वर्षं झाली, कानाला खूण आहे. प्रत्येक विंगमध्ये तिला वेगळं नाव आहे. दिवाळीनंतर जिन्यात एका कुरिअरवाल्याचा पाय तिच्यावर पडला आणि ती त्याच्या पोटरीला चावली. मीटिंग झाली. बी विंगमधले निवृत्त गृहस्थ म्हणाले, "मॅडम, भावना बाजूला ठेवा. उद्या पोरांना चावली तर?" चौथ्या मजल्यावरची एक बाई कुत्रीला रोज खायला घालते, तिचा आवाज चढला, "ती इथं तुमच्या आधीपासून आहे काका!" मग सगळेच बोलायला लागले. पेपरात सध्या भटक्या कुत्र्यांवरच्या कोर्टाच्या बातम्या रोज येतात, जो तो आपल्या सोयीची बातमी मोबाइलवर दाखवत होता. शेवटी ठरलं की गाडी बोलवायची, आणि मी लिहून द्यायचं की ही कुत्री आमच्या आवारातली नाही, बाहेरून आली आहे. म्हणजे तिला परत इथं सोडणार नाहीत. मी गाडीचा अर्ज केला. दुसऱ्या कागदाचं बघते म्हटलं.

गाडी आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. दोघं उतरले, एक पंचविशीची मुलगी आणि एक वयस्क माणूस. कुत्री पार्किंगमध्ये एका मोटारीखाली शिरली आणि गुरगुरायला लागली. मुलगी म्हणाली, "ओळखीचं कुणी बोलवा ना. जाळ्यात धडपडली तर पाय मोडेल तिचा." चौथ्या मजल्यावरची रडत होती, ती म्हणाली मी तिला फसवणार नाही. बाकीचे गॅलरीतून खाली बघत होते. मी चप्पल काढली आणि फरशीवर बसले, त्या मोटारीकडे पाठ करून. माझ्या गुडघ्यांना ते आता झेपत नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग पाठीला ऊब लागली. ती येऊन टेकली होती, थरथरत होती. मी हलले नाही. मुलीने हळूच जाळं टाकलं. कुत्री ओरडली, एकदाच, माणसासारखी.

वयस्क माणसाने कागद पुढे केला. "दहा दिवस ठेवू, रेबीजचं इंजेक्शन देऊ, बघू. मग कुठं सोडायची? इथलीच ना?" निवृत्त गृहस्थ खाली आले होते. ते म्हणाले, "बाहेरची आहे हो, लिहा." मी लिहिलं, नऊ वर्षं याच आवारात राहते, इथंच आणून सोडावी. सही केली, शिक्का मारला. गृहस्थ म्हणाले, "हे कमिटीच्या विरुद्ध आहे. तुम्हाला महाग पडेल." मी म्हटलं, पडू दे. माझा आवाज स्थिर होता, याचं मला आश्चर्य वाटलं. ती अकराव्या दिवशी परत आली. ठणठणीत आहे. मला बघितलं की उठून पलीकडच्या भिंतीशी जाऊन बसते, आणि मी तिला दोष देत नाही. कमिटीने माझा राजीनामा मागितला, मी दिला.

हे पत्र मी बँकेच्या जुन्या डायरीत लिहिते आहे. ते कुठं जाणार नाही, डायरी कपाटात जाईल. एक गोष्ट मात्र तुम्हाला खरी सांगायला हवी, नाहीतर वर लिहिलेलं वाचून तुम्हाला वाटेल की मी फार सुधारले. जाळ्याची दोरी आवळताना त्या मुलीने मला विचारलं होतं, "मॅडम, असं पाठ करून बसायचं तुम्हाला कुणी शिकवलं? आम्हाला ट्रेनिंगला हे सांगतात." मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी. ते या गाडीवर होते." ती एकदम हसली, म्हणाली, "काय सांगता! माझे आजोबा पण होते." मी इतकं हळू बोलले होते की तिच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. चौथ्या मजल्यावरची डोळे पुसत जवळ आली, तिने विचारलं, "काय म्हणाली ती? कोण होते?"

मी म्हटलं, "काही नाही, असंच."