माझ्याकडे बघणारी माणसं

पेताह तिक्वा,
४ मार्च १९९९

ती. व्हायोलेटमावशीस, कृ. सा. शालोम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बीर शेवात फार लांबची तारीख मिळाली म्हणून ते इथे ठरलं, आणि तुझा लेक रोनेन मिलुइमवर, सैन्याच्या राखीव ड्यूटीवर, गेल्यामुळे तुला हॉस्पिटलात मीच न्यायचं, हे कळलं. नेईन. पण त्याआधी एक सांगायला हवं, कारण आईने सांगितलं नसणार. तुझा मेनाशे आता हादार या नावाने राहतो. राहते. ऑगस्टपासून डॉक्टरांची औषधं चालू आहेत आणि ऑक्टोबरपासून मी बायकांचे कपडे घालून कामाला जाते. दातांच्या लॅबमधली माणसं सरावली. आमचा मालक उझी पहिल्या दिवशी चहा हवा का, एवढंच विचारून गेला.

त्रास परक्यांचा आहे. बसमध्ये चढले की त्यांची नजर आधी चपलांवर, मग हातांवर, मग गळ्यावर येऊन थांबते. हिब्रूत बाईला ‘तू’ म्हणायचा शब्द वेगळा, पुरुषाला वेगळा. ड्रायव्हर एका वाक्यात दोन्ही वापरतो आणि मागचे हसतात. परवा पुरीमच्या सणाला सगळं गाव सोंगं घेऊन हिंडत होतं, तेव्हा कुणी वळून पाहिलं नाही. फक्त भाजीच्या दुकानात एक बाई म्हणाली, की तुमचं सोंग फार छान वठलंय. मी रोजच्याच कपड्यांत होते.

माझ्याबरोबर आलीस तर लोक तुझ्याकडेही बघतील. चालत नसेल तर लॅबमधल्या ओफ्राला पाठवीन. आईने यंदा पेसाहच्या सणाच्या जेवणाला हैफाला येऊ नकोस म्हटलंय. मी तिच्यावरही रागावलेली नाही, असं लिहिते आहे खरं.

डोळ्यांत औषध घालत जा. या पत्रानंतरही थोडा लोभ उरावा, एवढंच मागते.

तुझी,
हादार


ओफाकिम,
१७ मार्च १९९९

चि. मिरियाम हिस अ. उ. आ.

एका डोळ्याने लिहिते आहे, ओळी वरखाली झाल्या तर सांभाळून घे. रविवारी ऑपरेशन नीट झालं. तुझ्या हादारने सगळं केलं. हो, मी तेच नाव लिहिते आहे. तुला राग येणार, येऊ दे.

पण मी फार शहाणी होते असं समजू नकोस. सकाळी हॉस्पिटलात जाताना मी तिच्या चार पावलं पुढे चालले. माझी बॅग घेऊन ती मागून आली.

परत येताना एक डोळा बांधलेला, दुसऱ्यात तसंही धुकं. तिचा दंड धरावाच लागला. बस भरलेली. मला कुणाचं तोंड दिसत नव्हतं, पण कोण बघतंय ते तिच्या दंडावरून कळायचं. दार उघडलं की दंड लाकडासारखा ताठ. मागे दोन पोरी खुसखुसल्या. मी विचारलं, काय झालं गं, तर म्हणाली, रस्त्यात कुत्रं आडवं आलं. मिरियाम, मला वाईट वाटू नये म्हणून ती खोटं बोलली.

तेव्हा मी माझ्या मोडक्या हिब्रूत शेजारच्या बाईला मोठ्याने सांगितलं, की ही माझ्या बहिणीची मुलगी, माझ्यासाठी रजा घेऊन आली आहे. ती बाई म्हणाली, नशीबवान आहात. मग दंड हळूहळू सैल पडला. तिच्या घरी गेल्यावर पोर मोरीत तोंड धुवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

हा त्रास ती रोज एकटी सोसते. पेसाहला काय करायचं ते तू ठरव. तुझ्याकडे आली नाही तर ती माझ्याकडे येईल आणि मीही हैफाला येणार नाही.

थोरल्या बहिणीचं बोलणं पोटात घाल, लोभ ठेव.

तुझी,
व्हायोलेट


हैफा,
२१ मार्च १९९९

प्रिय बाळ, अ. आ.

व्हायोलेटचं पत्र आलं. तिने मला बरंच सुनावलं आहे. एक गोष्ट तिलाही ठाऊक नाही.

जानेवारीत मी कुणाला न सांगता पेताह तिक्व्याला आले होते. तुझ्या लॅबसमोरच्या बाकावर बसले. पाच वाजता एक उंच बाई बाहेर आली. मी बघत राहिले. आधी पाय, मग हात. तिने मान तिरकी करून घड्याळ पाहिलं, अगदी तुझ्या बाबांसारखं, तेव्हा मला कळलं. तू माझ्या समोरून गेलीस. कुणीतरी टक लावून बघतंय हे तुला जाणवलं असणार, म्हणून डोकं खाली घालून झपाझप चालत सुटलीस. मला हाक मारता आली असती. मी नाही मारली. पुढच्या बसने परत आले आणि आठवड्याने तुला फोनवर येऊ नकोस म्हटलं.

जिच्या नजरेने त्या दिवशी तू पळालीस ती मी होते. ते मनातून जात नाही.

गुरुवारी दहाच्या बसने येते. तुला घेऊन हैफाला परत येऊ, सणाचा स्वयंपाक दोघी मिळून करू. शेजारची त्सिपोरा विचारील, तेव्हा काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तू स्टँडवर उभी राहा, खाली बघू नकोस. मी खिडकीतूनच हाक मारीन. नाव अजून जिभेवर बसलेलं नाही, वाटेत सराव करीन.

तुझी,
आई